टांगत्या कुंडीतला बेगोनिया: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली अर्ध्याहून जास्त बेगोनियाचीच निघाली, त्यातही टांगत्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या बेगोनियाची, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि आज सगळी जागा यालाच दिलीय.

प्रश्न (पुणे, सिंहगड रोड): ताई, जानेवारीत एका नर्सरीतून केशरी डबल फुलांचा लोंबणारा बेगोनिया आणला, बास्केटसकट. महिनाभर काय सुंदर फुलला! फेब्रुवारीच्या शेवटापासून कळ्या गळायला लागल्या, मग पानं मरगळली, म्हणून मी पाणी वाढवलं, सकाळ-संध्याकाळ. आता दांडे मातीजवळ मऊ होऊन आडवे पडतायत. काय चुकलं? वाचेल का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हीच गोष्ट मला दर मार्चमध्ये कुणी ना कुणी सांगतंच, आणि तुम्ही त्या झाडावर माया केलीत म्हणूनच हे झालंय, दुर्लक्ष केल्यामुळे नाही. मरगळलेलं पान बघितलं की आपला हात आपोआप झारीकडे जातो. पण बेगोनियाचं पान दोन कारणांनी मरगळतं. एक तर माती सुकली म्हणून, किंवा माती इतकी ओली आहे की मुळं कुजली आणि पाणी वर चढवणारं खाली कुणी उरलंच नाही म्हणून. वरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. त्यामुळे मरगळलेलं पान दिसलं तर आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं, आणि बास्केट खालून हाताने थोडी उचलून बघायची. जड लागली तर पाणी अजिबात द्यायचं नाही, झाड कितीही केविलवाणं दिसलं तरी.

तुमच्या बास्केटच्या खाली चिकटलेली ताटली आहे का बघा. नर्सरीतल्या बहुतेक प्लास्टिकच्या बास्केटना असते, कारण टांगल्यावर खाली पाणी टपकू नये असं गिऱ्हाइकाला वाटतं. ती ओढली की निघते. काढून टाका. तिच्यात साठलेलं पाणी खालची दोन इंच माती कायम चिखलासारखी ठेवतं, आणि आतमध्ये बहुतेक नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, तो तर स्पंजच. नर्सरीच्या पॉलीहाउसमध्ये मोजून पाणी मिळतं, हवा खेळती असते, तिथे ते चालून जातं. आपल्या घरी नाही चालत.

आता वाचेल का? बुंधा मऊ झाला असेल तर ते मूळ झाड गेलं असं समजा. पण वरचे शेंडे अजून कडक असतील, दाबल्यावर करकरीत लागत असतील, तर आजच चार-चार इंचाचे तुकडे पेराच्या खाली स्वच्छ ब्लेडने कापा, फुलं-कळ्या सगळ्या खुडून टाका (जीव कासावीस होतो, पण टाका), आणि ओलसर परलाइटमध्ये (ते पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा धुतलेल्या जाड वाळूत उभे करा, सावलीत. अर्धे जगले तरी पुरे.

दुसरी गोष्ट ऋतूची, आणि ही मला सगळ्यांनाच सांगायचीय. जानेवारीत बाजारात मिळतो तो डबल फुलांचा बेगोनिया बहुतेक वेळा इलेटियर किंवा रीगर जातीचा असतो. याचा एक पूर्वज अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरचा, बेगोनिया सोकोत्राना, बेली बॅलफोर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८८० मध्ये तिथून आणलेला. तो थंडीत, दिवस लहान असताना फुलतो, तो गुण या संकरात उतरलाय. दुसरा पूर्वज म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातले कंदवाले बेगोनिया, त्यांना लागते गार हवा. म्हणजे तुमचं झाड पुण्याच्या थंडीत फुललं ते त्याच्या स्वभावानेच, आणि मार्चमध्ये दुपारचा पारा ३५ च्या वर गेल्यावर त्याने कळ्या टाकल्या त्याही स्वभावानेच. पाण्याने ती वेळ थोडी अलीकडे आली, इतकंच. असला बेगोनिया आणताना डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच त्याचा सोहळा धरून आणा, पुढे जगला तर आनंद.

प्रश्न (सातारा): तुम्ही नेहमी म्हणता बेगोनियाला निचरा हवा आणि दमटपणाही हवा. हे दोन्ही एकत्र कसं जमवायचं? मला ते परस्परविरोधी वाटतं.

उत्तर: तुम्ही सातारचे, म्हणजे उत्तर तुमच्या घरापासून तासाभरावर आहे! जुलै-ऑगस्टमध्ये कास, ठोसेघर, नाहीतर कुठल्याही गडावर जा आणि पाणी झिरपणाऱ्या उभ्या कातळाकडे, जुन्या तटबंदीच्या फटींकडे बघा. लालसर दांड्यांची, एका बाजूला कललेल्या पानांची, फिक्या गुलाबी फुलांची छोटी झाडं कातळाला बिलगलेली दिसतील. तो आपला सह्याद्रीचा बेगोनिया, बेगोनिया क्रेनाटा. मी लहानपणी वाईच्या बाजूला आजोळी जायचे तेव्हा गडावर हा दिसायचा, पण हा नर्सरीतल्या बेगोनियाचा भाऊबंद आहे हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली, आणि कळलं त्या दिवसापासून माझ्या बास्केटमधली झाडं मरायची थांबली, हे अगदी खरं सांगते.

तो उगवतो कुठे बघा. सपाट शेतात नाही, डबक्याच्या काठावर नाही. उभ्या दगडावर, शेवाळाच्या बोटभर थरात. वरून चार महिने पाणी झिरपतंय, पण थांबत कुठेच नाही, मुळाला शिवून खाली निघून जातं. आणि भोवती धुकं, म्हणजे पानाला दमट हवा. दुपारचं रखरखीत ऊन नाही, कातळाची सावली. पाऊस संपला की पानं गळतात आणि एवढासा कंद फटीत निजतो पुढच्या जूनपर्यंत, कोरडा ठक्क. तुमचे दोन्ही शब्द तिथे एकत्र नांदतात. दमटपणा हवेत हवा आणि निचरा मातीत हवा. टांगती कुंडी म्हणजे खरं तर तो कातळच आपण घरी आणून टांगलेला असतो.

म्हणून पानांवर पाणी फवारत बसू नका, त्याने डाग पडतात आणि करडी बुरशी येते. त्याऐवजी बास्केटच्या खाली फर्न, मनीप्लांट अशा कुंड्यांची गर्दी करा, त्यांच्यातून सुटणारी वाफ वर जाते. आणि एक विनंती, गडावरचा बेगोनिया उपटून घरी आणू नका. कासला तर तसं करायला बंदीच आहे, पण बंदी नसेल तिथेही नका आणू, तो कुंडीत टिकत नाही आणि कातळ मात्र कायमचा उघडा पडतो.

प्रश्न (कोल्हापूर): माती कशी बनवायची ते प्रमाणासकट सांगा. आमच्याकडे काळी माती भरपूर आहे. काथ्याच्या बास्केटमध्ये लावलं तर दुपारपर्यंत सगळं सुकून जातं.

उत्तर: काळी माती बास्केटमध्ये चमचाभरसुद्धा नको. ओली झाली की चिकट गोळा, सुकली की वीट, आणि वजन वेगळंच. माझं मिश्रण सांगते: दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा दोन वर्षं मुरलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट. परलाइट महाग वाटलं तर भाताचा जाळलेला तूस घ्या, तुमच्याकडे भातगिरण्या आहेत, तिथे तूस सहज मिळतो. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी एकदा नाही, दोन-तीनदा बदलून पिळून काढा, स्वस्तातल्या विटांमध्ये मीठ राहिलेलं असतं आणि बेगोनियाची केसासारखी बारीक मुळं ते सहन करत नाहीत, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि आपण उगाच रोग शोधत बसतो.

काथ्याची चटई चारी बाजूंनी वारा घेते म्हणून सुकते. तिच्या आत जुनी प्लास्टिकची पिशवी पसरा, बाजूंना वरपर्यंत, पण तळाला सात-आठ भोकं मोठी पाडा, पेन्सिल जाईल एवढी. १० इंचापेक्षा लहान बास्केट घेऊ नका, १२ इंची असेल तर तीन रोपं लावा, काठाकडे थोडी तिरपी, मधोमध एकच उभं लावलं तर ते वरच वाढत बसतं आणि कडा बोडक्या दिसतात. रोपं चार-पाच इंचांची झाली की शेंडे खुडा. एकदा खुडा, तीन आठवड्यांनी परत एकदा. त्या काळात फुलं मिळणार नाहीत, पण नंतर जो भरगच्च घोस पडतो तो बघून सगळं विसराल.

खत हलकं आणि सारखं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, पंधरा दिवसांतून एकदा, कळ्या दिसल्या की त्याऐवजी जास्त पालाशवालं १३:०:४५ तेवढंच. पाकिटावर लिहिलेली मात्रा शेतातल्या पिकासाठी असते, बास्केटसाठी नाही.

प्रश्न (डोंबिवली): चौदावा मजला, पश्चिमेची बाल्कनी, दुपारी दोननंतर कडक ऊन आणि पावसाळ्यात भयंकर वारा. लोंबणारा बेगोनिया लावायची फार इच्छा आहे. कुठली जात घेऊ?

उत्तर: पश्चिमेचं ऊन आणि वारा म्हणजे बेगोनियाचे दोन्ही वैरी तुमच्याकडे मुक्कामालाच आहेत, पण मार्ग आहे. कंदवाला लोंबणारा आणि इलेटियर, दोन्ही विसरा. ड्रॅगन विंग घ्या. याचं पान पंखासारखं, चकचकीत हिरवं, फुलं लाल किंवा गुलाबी झुबक्यांनी खाली झुकलेली, आणि याच्या रक्तात कुंडीतला साधा मेणपानी बेगोनिया आणि उंच दांड्यांचा एंजल विंग बेगोनिया दोन्ही आहेत, त्यामुळे उकाडा आणि दमट हवा बऱ्यापैकी सोसतो. मुंबईकडे माझ्या दोन मैत्रिणींकडे हा बारा महिने फुलतो. अगदी सरळ दोरीसारखा नाही लोंबत, कमानीसारखा झुकतो, पण बास्केट भरून टाकतो.

बाल्कनीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, वारा पण अडतो. बेगोनियाचे दांडे पाण्याने भरलेले आणि ठिसूळ, एक झोत आला की काकडीसारखे कटकन मोडतात, म्हणून जून ते ऑगस्ट बास्केट खाली उतरवून भिंतीच्या आडोशाला स्टुलावर ठेवलेली बरी.

आणि हे मी अगदी कळकळीने लिहितेय: रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला काहीही टांगू नका. भिजलेली १२ इंची बास्केट सहज सात-आठ किलो भरते, चौदाव्या मजल्यावरून खाली कुणाच्या डोक्यावर पडली तर काय होईल ते मी लिहायची गरज नाही. हूक छतातच हवा, अँकर फास्टनरवाला, प्लास्टरमध्ये ठोकलेला खिळा नव्हे.

प्रश्न (निफाड, नाशिक): आमची द्राक्षबाग आहे. अंगणातल्या बेगोनियाच्या पानांवर पांढरी भुकटी आलीय, बागेत येते तशीच भुरी. बागेतून आली असेल का? घरात गंधक आहे, तेच मारू का?

उत्तर: भुरीच आहे ती, पण बागेतली नाही. द्राक्षाची भुरी वेगळ्या बुरशीची, बेगोनियाची वेगळ्या, एकीची दुसरीवर जात नाही, तेव्हा बागेची काळजी नको. सवय मात्र दोघींची सारखी: दिवसा ऊबदार, रात्री थंड, हवा दमट आणि कोंदट. तुमच्याकडचे डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिचा हंगामच.

आधी डाग पडलेली पानं खुडून पिशवीत भरून लांब टाका, मग बास्केट अशा जागी हलवा जिथे हवा वाहते, आणि दोन बास्केटमध्ये हातभर अंतर ठेवा. निम्म्या वेळा एवढ्यानेच थांबते. नाही थांबली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक चालेल, लिटरला दोन ग्रॅमच्या वर नाही, संध्याकाळी, आणि दुपारी ३० च्या वर पारा जात असेल त्या दिवसांत नाही, पानं भाजतात. एका पानावर मारून दोन दिवस थांबा, मग सगळ्यावर. घरात बागेसाठीचं हेक्झाकोनॅझोल वगैरे बुरशीनाशक पण असणार, ते मात्र बेगोनियावर नको, त्या गटातल्या औषधांनी बेगोनियाची वाढ खुंटते, शेंडे आखडतात आणि महिनोन्‌महिने झाड तसंच बसून राहतं.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): इकडे गार्डन सेंटरमधून लोंबणाऱ्या बेगोनियाची छोटी रोपं घेतली होती, लांब निमुळती लाल-केशरी फुलं. जूनपासून दाराशी इतकी फुलली की शेजारी थांबून बघतात. आता थंडी आली की काय करू? आई म्हणते पुण्याला पाठव कंद!

उत्तर: तुझं वर्णन वाचून वाटतंय तुझ्याकडे बोलिव्हिएन्सिस आहे, किंवा त्याचाच संकर. मूळचा बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या डोंगरांतला. तुझ्याकडे त्याचं येणं पण जुनं आहे, १८६० च्या दशकात रिचर्ड पीअर्स नावाच्या माणसाने व्हीच नर्सरीसाठी अँडीजमधून तो इंग्लंडला पोचवला आणि आजच्या कंदवाल्या बेगोनियांच्या संकरांची सुरुवात तिथून झाली.

ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत जा. पहिल्या हलक्या हिमाने पानं काळवंडली तरी चालेल, पण कंद गोठता कामा नये, म्हणून लगेच बास्केट आत घे. दांडे आपोआप गळून पडू देत, ओढू नकोस, ओढल्याने कंदाला जखम होते आणि तिथूनच तो सडतो. मग कंद काढून माती झाड, आठवडाभर वाळव आणि कागदी पिशवीत कोरड्या वाळूत नाहीतर कोकोपीटमध्ये ठेव, ५ ते १० अंशांत, गॅरेज असेल तर उत्तम. कंद काढताना पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर त्या व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या, कंद आतून पोखरतात. तशा सापडल्या तर पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंडीत सूत्रकृमी (या अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी) सोड, तिकडे पाकिटं मिळतात.

फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये कंदाची खोलगट बाजू वर ठेवून ओलसर मातीत खिडकीपाशी ठेव, त्या खोलगट भागात पाणी साठू देऊ नकोस. बाहेर मात्र मेच्या शेवटी, हिमाची भीती पूर्ण गेल्यावरच.

आईला मात्र सांग की कंद पुण्याला नको. एक तर झाडं देशात आणायला कागदपत्रं लागतात. आणि खरं कारण म्हणजे दिवसाची लांबी. या कंदवाल्या बेगोनियाला वाढायला आणि फुलायला लांब दिवस हवा आणि गार रात्रही हवी. लेस्टरला जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा दिवस असतो आणि रात्र गार, दोन्ही एकदम मिळतं. पुण्यात दिवस सगळ्यात मोठा तो सव्वातेरा तासांचा, तोही उकाड्यात किंवा धो धो पावसात, आणि गार हवा येते तेव्हा दिवस अकरा तासांवर आलेला असतो, मग झाडाला वाटतं निजायची वेळ झाली आणि ते फुलं सोडून कंद भरायला लागतं. महाबळेश्वर-पाचगणीला थोडंफार साधतं. आईंना पुण्यात ड्रॅगन विंग घेऊन दे, पुढच्या वेळी येशील तेव्हा.

प्रश्न (अकोला): आमच्याकडे ४५ डिग्री. बेगोनियाची बास्केट होईल का?

उत्तर: उन्हाळ्यात नाही. झाडाला छळू नये. ऑक्टोबरमध्ये मेणपानी बेगोनियाची रोपं आणा, फेब्रुवारीपर्यंत भरपूर फुलतील, मार्चमध्ये त्याच बास्केटमध्ये ऑफिसटाइम लावा, ते तुमच्या उन्हात हसत फुलतं आणि लोंबतंही छान.

प्रश्न (ठाणे): एकाच झाडावर काही फुलं डबल आणि काही अगदी साधी, चार-पाच पाकळ्यांची येतात. दुकानदाराने दोन रोपं मिसळून दिली का?

उत्तर: नाही हो, दुकानदाराचा दोष नाही. बेगोनियात नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच झाडावर येतात. डबल भरदार असतात ती नर. साधं फूल पालथं करून बघा, पाकळ्यांच्या मागे तीन पंखांची हिरवट-गुलाबी पेटी दिसेल, ती मादी, त्या पेटीत बी धरतं, धुळीइतकं बारीक. बी नको असेल तर ती फुलं आधीच खुडत जा, झाडाची ताकद वाचते, आणि गळलेली फुलं पानांवर पडून राहू देऊ नका, करडी बुरशी तिथूनच सुरू होते. घरात मांजर असेल तर खुडलेलं सगळं लगेच उचला, बेगोनियात ऑक्झलेट असतं, सगळ्यात जास्त कंदात आणि मुळात, ते चघळलं तर मांजराचं तोंड पोळतं, लाळ गळते.